दाराचा पेपर

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा मॅडमनी प्रयोगशाळेची आवराआवर सुरू केली. कपाटं दोन आठवड्यांत रिकामी झाली. राहिली ती मागच्या खोलीतली द्रव नायट्रोजनची टाकी. तिच्या तळाशी चोवीस वर्षांपूर्वी गोठवलेल्या पेशींच्या सहा कुप्या होत्या. एका लहान मुलाच्या श्वासनलिकेतून घेतलेल्या त्या पेशी. त्या टाकून द्यायचं मॅडमच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी एका मोठ्या पेशी-संग्रहाला विचारलं, ठेवून घ्याल का? संग्रहाने आनंदाने होकार कळवला आणि सोबत एक फॉर्म पाठवला. ठेवून घेण्याआधी पेशींची ओळख तपासली जाईल, असं त्यात म्हटलं होतं. नेहमीचाच नियम. मॅडमनी धड न वाचताच सही केली.

त्या पेशींवर मॅडमचं सगळं नाव उभं होतं. तान्ह्या मुलांच्या छातीत उतरून त्यांना धाप लावणाऱ्या एका विषाणूवर त्यांनी उभा जन्म घालवला होता. हा विषाणू पेशीत शिरतो तो नेमका कुठून, हे कोणाला उमगत नव्हतं. पस्तिशीत असताना मॅडमनी ते शोधून काढलं. पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन, तेच त्याचं दार. पेपर जगातल्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आला. लेखक दोनच, पहिलं नाव मॅडमचं आणि दुसरं त्यांच्या मार्गदर्शक सरांचं. तेव्हापासून संस्थेत त्यांना मागे 'दारवाल्या मॅडम' म्हणायला लागले, आणि पुढेपुढे तर तोंडावरही म्हणायचे. सर त्या पेपरच्या जोरावर संचालक झाले. मॅडमना विभाग मिळाला, समित्या मिळाल्या, परदेशातली भाषणं मिळाली. कोणत्या पेपरचा दाखला किती जणांनी आपल्या लिखाणात दिला याचा आकडा संगणकावर दिसतो. दाराच्या पेपरचा आकडा दोन हजार आठशेच्या पुढे गेला होता.

मॅडमचं दुसरंही एक काम होतं. मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षं हिंडून त्यांनी एक नोंद केली होती. घरात थोरल्या भावंडाला सर्दी झाली की तान्ह्याला कितव्या दिवशी धाप लागते, आणि तिच्या आदल्या दिवशी ते बाळ कसं दिसतं. वॉर्डातल्या परिचारिकांनी त्यातलं एक पान झेरॉक्स करून भिंतीला चिकटवलं होतं. त्यावर मॅडमनी लिहिलेल्या पेपरचे दाखले नऊ. त्यातले चार मॅडमनी स्वतःच दिलेले.

संग्रहाचं उत्तर एका मंगळवारी चहाच्या वेळेला आलं. सहाही कुप्यांमधल्या पेशी माणसाच्या नाहीत, त्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा आपल्याला त्या ठेवून घेता येणार नाहीत, क्षमस्व.

माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी विषाणूंवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत असतात. भारी चिवट जात. एक थेंब शेजारच्या फ्लास्कमध्ये उडाला, तर तिथे बिऱ्हाड मांडतात आणि मूळच्या मालकाला महिन्याभरात बाहेर काढतात. मॅडमना हे पाठ होतं. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना त्या हेच सांगून घाबरवत आल्या होत्या. तरी पहिले दोन दिवस त्या संग्रहालाच नावं ठेवत राहिल्या. नमुने बदलले असतील, लेबलं चुकली असतील. मग त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी स्वतःच्या खर्चाने पुन्हा तपासणी करून घेतली. उत्तर तेच.

म्हणजे दार होतं, पण ते माकडाच्या पेशीचं होतं. मुलांच्या श्वासनलिकेत ते प्रथिन औषधालाही सापडत नव्हतं. आणि औषध तर निघालं होतं. त्या दारावर कडी घालणारं, नाकावाटे द्यायचं औषध एका कंपनीने सहा वर्षं खपून तयार केलं होतं. माकडांमध्ये त्याचा गुण दृष्ट लागण्यासारखा होता. मग तीनशे चाळीस आजारी बाळांना ते दिलं गेलं. अपाय कोणाला झाला नाही आणि फायदाही कोणाला झाला नाही. असं का झालं यावर पुढे एक परिसंवाद भरला होता आणि मॅडम त्यात वीस मिनिटं बोलल्या होत्या. आपण काय बोललो होतो ते आता त्यांना आठवलं, आणि बसल्या जागी त्यांचे कान गरम झाले.

तळघरातल्या फळीवरून त्यांनी त्या वर्षाचं पेशींचं रजिस्टर काढलं. ते लिहायचे भिंगकाका. भिंगकाका तेव्हा प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ होते. सकाळी आठाच्या ठोक्याला यायचे, कोणाशी बोलायच्या आधी प्रत्येक फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलेलं. अक्षर ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं. मॅडम पानं उलटत गेल्या. पेपरच्या आदल्या वर्षी, एका तारखेपुढे तीन ओळी होत्या. 'श्वासनलिकेच्या पेशी नेहमीपेक्षा लवकर फ्लास्क भरतात. कडा वेगळ्या दिसतात. मॅडमना सांगितले.'

आठवत नाही असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मॅडमना सगळं आठवत होतं. काका दाराशी उभे राहिले होते, हातमोजे काढून. त्यांनी सांगितलं, मॅडमनी ते सरांच्या कानावर घातलं, आणि सर हसले. दुसऱ्या एका देशातली संशोधकांची टोळी त्याच प्रश्नाच्या मागे लागलेली होती. पुन्हा नव्या पेशींपासून सुरुवात करायची म्हणजे वर्ष गेलं असतं. पेशी खुशीत आहेत, तर आपणही खुशीत राहू, असं सर म्हणाले होते. मग मॅडमनी काकांना सांगितलं, की रजिस्टरमध्ये मोजमाप लिहीत जा, मतं लिहू नका. पेपर छापून आल्यावर चार महिन्यांनी काकांची बदली प्राणिगृहात झाली. उंदरांचे पिंजरे धुवायला. बदलीच्या कागदावर सरांची सही होती. मॅडमनी तेव्हा कोणालाही काही विचारलं नव्हतं. पेपरच्या शेवटी आभाराच्या यादीत अकरा जण होते. त्यात काका नव्हते.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की दोन-तीन महिन्यांनी निवृत्त होतेयस, कोणी विचारलंय का तुला? दूरच्या शहरात राहणारी लेक फोनवर अधिक स्पष्ट बोलली. तिचं म्हणणं, आई, तू खरं सांगितलंस तर लोक म्हणतील खोटं होतं, आणि गप्प बसलीस तर कोणी काहीच म्हणणार नाही. मॅडमनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि शनिवारी रजिस्टर पिशवीत घालून त्या सरांकडे गेल्या.

सर एक्याऐंशी वर्षांचे होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते बैठकीच्या खोलीतच असत. समोरच्या भिंतीवर त्या जर्नलचं मुखपृष्ठ फ्रेम करून लावलेलं होतं. मॅडमनी दोन्ही अहवाल त्यांच्या हातात दिले. सरांनी ते चष्मा लावून नीट वाचले, घडी घातली आणि परत दिले.

"हे तू कोणाला दाखवलंस?"

अजून कोणाला नाही, असं मॅडम म्हणाल्या. मग बरंय, असं म्हणून सर नातवाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागले. मॅडमनी त्यांना मध्येच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदाच थांबवलं असावं. आपण पेपर मागे घ्यायला हवा, असं त्या म्हणाल्या. दोन्ही लेखकांनी मिळून पत्र लिहिलं तर जर्नल महिन्याभरात ते करेल.

सर चिडले नाहीत. विज्ञानात असं होतच असतं, आपोआप दुरुस्त होतं, त्यासाठी कोणी स्वतःच्या तोंडाला काळं फासत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मॅडम हलत नाहीत हे बघितल्यावर त्यांनी सूर बदलला. ठीक आहे, लिही पत्र, मी सही करतो. पण त्यात एक वाक्य हवं. तंत्रज्ञाच्या हलगर्जीमुळे पेशींची सरमिसळ झाली, आणि तंत्रज्ञाचं पूर्ण नाव.

"सर, पेशी बदलल्यात हे पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं."

"लेखी आहे?"

रजिस्टर मॅडमच्या मांडीवरच्या पिशवीत होतं. "मला आठवतंय," एवढंच त्या म्हणाल्या.

"मग तुला आठवू दे," सर म्हणाले. "माझ्या अटीशिवाय माझी सही नाही."

भिंगकाका निवृत्तीनंतर एका लहानशा रक्त-तपासणी केंद्रात काम करत होते. सत्तरी जवळ आली होती, तरी सकाळची पाळी त्यांची. मॅडम गेल्या तेव्हा ते सूक्ष्मदर्शकावर वाकून पेशी मोजत होते, डाव्या हाताने मोजणीचं बटण टिकटिक दाबत. त्यांनी मोजणी पुरी केली, आकडा लिहिला, मग वर बघितलं. "बसा, मॅडम," म्हणाले. चोवीस वर्षांत मॅडम त्यांना भेटायला पहिल्यांदाच आल्या होत्या.

मॅडमनी माकडाच्या पेशींचं सांगितलं. काकांना नवल वाटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर विजयही दिसला नाही, आणि तो दिसला असता तर मॅडमना सोपं गेलं असतं. मग त्यांनी सरांची अट सांगितली. काकांनी काचेवरचा तेलाचा थेंब कागदाने पुसला.

"आणि तुम्ही काय करणार?"

आपण ते वाक्य घालणार नाही, एकटीनेच पत्र लिहिणार, असं मॅडम म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि पुढची काच घेतली. मॅडम बाहेर आल्या त्या हलक्या होऊन. आपण एका माणसाला वाचवलं, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी एकटीच्या सहीने जर्नलला पत्र पाठवलं. दोन्ही अहवाल जोडले. लेखकांपैकी एकाची संमती नसल्यामुळे चौकशी करावी लागेल, असं संपादकांचं उत्तर आलं. सरांनीही एक पत्र पाठवलं होतं. कुप्या इतकी वर्षं टाकीत पडून होत्या, मधल्या काळात त्यांची अदलाबदल झाली नसेल कशावरून, असा त्यांचा मुद्दा. हुशार मुद्दा होता. खोडायचा तर तेव्हाच्याच काळातला पुरावा हवा होता. संपादकांनी मॅडमना तसं विचारलंही: त्या वेळच्या काही नोंदी उपलब्ध आहेत का? मॅडमनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. मग त्यांनी कळवलं की जुन्या नोंदी शोधून पाहते.

पाच महिन्यांनी जर्नलने पेपरच्या माथ्यावर एक पिवळी चौकट टाकली. या पेपरबद्दल शंका उपस्थित झाली आहे, लेखकांमध्ये मतभेद आहेत, वाचकांनी ध्यानात घ्यावं. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या. पत्राची बातमी मात्र संस्थेत आधीच फुटली होती. निरोपसमारंभाची पत्रिका छापून तयार होती, पण नव्या संचालकांनी मॅडमना बोलावून सांगितलं की सध्या वातावरण जरा नाजूक आहे, आपण पुढे कधीतरी करू. शेवटच्या दिवशी मॅडमनी ओळखपत्र आणि किल्ल्या खिडकीपलीकडच्या कारकुनाला दिल्या. त्याने त्या मोजून घेतल्या आणि पावती दिली. लिफ्टमध्ये विभागातल्या दोघीजणी भेटल्या. त्यांनी उन्हाळ्याबद्दल गप्पा मारल्या.

दीड वर्षाने सर गेले. शोकसभेला सभागृह भरलं होतं. संचालकांनी दाराच्या पेपरवर दहा मिनिटं भाषण केलं, चौकटीचा उल्लेख न करता. मॅडम तिसऱ्या रांगेत होत्या. शेजारच्या एका जुन्या सहकाऱ्याने हळूच विचारलं, "आता तरी समाधान झालं का?"

हरकत घेणारा कोणी उरला नाही म्हटल्यावर जर्नलने प्रकरण निकाली काढलं. सात ओळींची सूचना निघाली. प्रयोगात वापरलेल्या पेशींची ओळख चुकलेली होती, त्यामुळे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत, पेपर मागे घेण्यात येत आहे. दोष कोणावर नव्हता. मॅडमनी तिची प्रत काढली आणि भिंगकाकांच्या घरी नेली. काकांनी केंद्रातलं काम नुकतंच सोडलं होतं, नजर अधू झाली होती. सुनेने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. काकांनी कागद खिडकीशी धरून दोनदा वाचला.

"यात माझं नाव नाही," ते म्हणाले.

"नाही. मी येऊच दिलं नाही."

"ते नव्हे. पेशी बदलल्यात हे कोणीतरी बघितलं होतं, हे यात नाही."

जर्नलच्या सूचनेत एवढं सगळं लिहीत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. काकांनी कागद टेबलावर ठेवला आणि वरून हाताने सारखा केला.

"मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, मॅडम. ते हरवलं का?"

मॅडम नाही म्हणाल्या. कुठे आहे? आपल्याकडे आहे. ते तुम्ही त्यांना दाखवलंत? मॅडमनी पाण्याचा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. काकांनी पुन्हा विचारलं नाही. सोळा वर्षं पिंजरे धुतले, मॅडम, असं ते सावकाश म्हणाले. बायको विचारायची, तुमच्या हातून असं झालं तरी काय? तिला सांगायला माझ्याकडे कागद नव्हता. ती गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली.

घरी येऊन मॅडमनी ते पान पुन्हा उघडलं. ते संपादकांना पाठवलं असतं तर सरांचा मुद्दा एका दिवसात निकालात निघाला असता, आणि प्रकरण दोन वर्षं रेंगाळलं नसतं. पाठवलं नाही, कारण त्या पानावर तिसरी ओळ होती, 'मॅडमना सांगितले.' चूक नकळत झाली असं म्हणायची सोय त्या ओळीने उरत नव्हती. सरांना काकांचं नाव घालायचं होतं आणि आपल्याला ते घालायचं नव्हतं, पण दोघांनाही लपवायची गोष्ट मात्र एकच होती. हे त्यांना आज कळलं असं नव्हे. आज फक्त त्यापासून तोंड फिरवता आलं नाही.

त्यांनी संपादकांना लिहिलं. सूचना प्रसिद्ध झाली आहे, आता तिच्यात भर घालता येत नाही, असं विनम्र उत्तर आलं. तेव्हा त्यांनी एक छोटं टिपण लिहायला घेतलं, दुसऱ्या, साध्या जर्नलसाठी. पेशी कशा बदलल्या, कोणी ओळखलं, कोणाला सांगितलं, आणि सांगूनही काय केलं गेलं. मॅडमनी त्यात स्वतःला कुठे झाकलं नाही. पहिला लेखक म्हणून काकांचं नाव घातलं, रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला. लेखकाच्या संमतीची सही लागते, म्हणून कागद घेऊन त्या पुन्हा गेल्या.

काकांनी ते सुनेकडून सावकाश वाचून घेतलं. एकदा तिला थांबवून मागचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. शेवटी मॅडमकडे वळले.

"तारीख चुकलीय. तुम्ही चौदा लिहिलंय. मी तुम्हाला बाराला सांगितलं. लिहिलं चौदाला, तुम्ही काही करता का ते दोन दिवस बघून."

मॅडमनी पेन काढून चौदाचे बारा केले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी पेन हातात घेतलं नाही.

"चांगलं लिहिलंयत," ते म्हणाले. "पण सही नको. तेव्हा कामाला आलं असतं. आता हे तुमच्या कामाचं आहे."

मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. सुनेने पाण्याचा पेला उचलून नेला. मग त्या उठल्या.

लेखकाच्या सहीशिवाय टिपण छापता आलं नाही, आणि काकांचं नाव काढून ते छापायला मॅडमना तोंड नव्हतं. ते तसंच राहिलं. मागे घेतलेल्या पेपरचे दाखले मात्र थांबले नाहीत. पुढच्या एका वर्षात एकशे बारा नवे आले. मॅडम त्या लेखकांना एकेक करून पत्रं लिहीत, की हा पेपर मागे घेतलेला आहे, कृपया दुरुस्ती करावी. बहुतेक जण उत्तर देत नसत. एका तरुण प्राध्यापकाने मनापासून आभार मानले. चूक लगेच दुरुस्त करतो, असं त्याने लिहिलं होतं. खाली असंही होतं, की त्याच्या विभागात पुढच्या महिन्यात परिषद आहे, आणि दाराचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाने उद्घाटनाचं भाषण केलं तर विद्यार्थ्यांना फार स्फूर्ती मिळेल.